घायाळ हरिणाचा धनी कोण?

मार्गशीर्षांतील स्वच्छ रात्रीं अंगणांत उभें राहून पूर्वेकडे पाहिलें म्हणजे चार कोंपऱ्यांवर चार तारे आणि मध्यें एका रेषेंत तीन तारे अशी एक ठळक आकृति वर चढतांना दिसते. घरांतील वडील माणसें ती मुलांस दाखवून सांगतात कीं, ते चार तारे म्हणजे मृगाचे पाय, मधले तीन म्हणजे त्याच्या पोटांत रुतलेला बाण, आणि त्या तिहींच्या रेषेंत खालीं जो अत्यंत तेजस्वी तारा लकाकतो तो व्याध. आम्हींही लहानपणीं हें ऐकिलें, आणि तेव्हां आमच्या मनांत एक प्रश्न आला तो पुढें पुष्कळ वर्षें तसाच राहिला. बाण तर वर्मीं लागलेला दिसतो. मग तें हरिण पडत कां नाहीं, आणि व्याध त्यास गांठीत कां नाहीं?

ही कथा आजीबाईंनीं रचलेली नव्हे. ऐतरेय ब्राह्मणांत ती आहे. प्रजापतीनें मृगाचें रूप घेऊन निषिद्ध कर्म केलें. तेव्हां देवांनीं आपापल्या अत्यंत घोर अंशांतून एक पुरुष उत्पन्न केला. त्यानें प्रजापतीस बाणानें विंधिलें. आणि विंधिलेला तो मृग वर आकाशांत उडाला. तोच हा मृग, त्याच्या मागचा तो मृगव्याध, आणि मधला तो तीन कांडांचा बाण. लोकमान्य टिळकांनीं १८९३ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'ओरायन' ह्या ग्रंथांत याच मृगाच्या आधारें वेदांचा काळ ठरविण्याचा यत्न केला, हें वाचकांस ठाऊक आहेच. आमचें आजचें काम त्याहून पुष्कळ लहान आहे. जें हरिण बाण लागूनही पडलें नाहीं, निसटलें, आणि रानांत कोठें तरी तडफडत आहे, त्याच्यावर हक्क कोणाचा आणि त्याच्याविषयीं कर्तव्य कोणाचें, ह्या प्रश्नास निरनिराळ्या काळच्या लोकांनीं काय उत्तरें दिलीं, एवढेंच आम्ही येथें पाहणार आहों.

मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत हा विषय अगदीं आडवाटेनें आला आहे. तेथें वाद चालला आहे तो पुत्र कोणाचा, बीज पेरणाराचा कीं क्षेत्राच्या धन्याचा, याविषयींचा. स्मृतिकार क्षेत्रवाल्याच्या बाजूनें दृष्टांत देतात. दुसऱ्यानें अगोदरच विंधलेल्या मृगाच्या जखमेंत जो आपला बाण मारतो त्याचा बाण जसा फुकट जातो, तसें परक्याच्या क्षेत्रांत टाकलेलें बीज फुकट जातें, असें ते म्हणतात. आणि लगेच पुढें सांगतात कीं, ज्यानें खुंट उपटून जमीन साफ केली त्याचें शेत, आणि ज्याचें शल्य प्रथम लागलें त्याचा मृग. येथें ध्यानांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, हा नियम स्मृतिकार सिद्ध करीत बसले नाहींत. दुसरी गोष्ट सिद्ध करण्याकरितां त्यांनीं तो पुढें केला आहे. ज्याविषयीं कोणासही शंका नसते तेंच दृष्टांतास घेतात. म्हणून पहिल्या बाणाचा मान हा स्मृतीहूनही जुना, रानांतल्या माणसांचा रिवाज असला पाहिजे, असें आम्हांस वाटतें. शेत नांगरणारा गृहस्थ आणि धनुष्य घेऊन हिंडणारा शिकारी हे दोघे ह्या एका वाक्यांत शेजारीं बसले आहेत, आणि दोघांचाही हक्क पहिल्या श्रमापासून उत्पन्न झाला आहे.

परंतु रिवाज कितीही स्पष्ट असला तरी पहिला बाण कोणाचा हें ठरविण्यास साक्षीदार लागतो, आणि रानांत तो बहुधा मिळत नाहीं. महाभारताच्या वनपर्वांत अर्जुन हिमालयांत तप करीत असतां मूक नांवाचा दैत्य डुकराचें रूप घेऊन त्याच्यावर येतो. अर्जुन धनुष्य उचलतो, तोंच किरातवेषधारी शंकर पुढें होऊन म्हणतात कीं, ह्याच्यावर नेम मीं आधीं धरिला आहे. अर्जुन ऐकत नाहीं. दोघांचे बाण एकदमच लागतात. आणि मग जें भांडण जुंपतें त्यांत डुकराचें प्रेत बाजूसच राहून युद्ध देव आणि मनुष्य यांचें होतें. भारवीनें ह्याच प्रसंगावर 'किरातार्जुनीय' हें महाकाव्य रचिलें. त्यांत किराताचा दूत अर्जुनाकडे येऊन आपल्या धन्याचा बाण परत मागतो, आणि त्या एका बाणावरून झालेली उक्तिप्रत्युक्ति कवीनें विस्तारानें रंगविली आहे. ज्या ऐहोळेच्या शिलालेखांत महाराष्ट्राच्या तीन भागांचा व नव्याण्णव हजार गांवांचा उल्लेख आहे, त्याच इ. स. ६३४ च्या लेखांत भारवीचें नांव कालिदासाच्या जोडीस आलें आहे. तेव्हां पुलकेशीच्या राज्यांतील विद्वानांस हा वाद चांगला परिचित असला पाहिजे. वाद एका जनावराचा. पण त्यांत मान, सत्य आणि बळ हीं तिन्हीं पणास लागतात.

हाच वाद पश्चिमेकडील धर्मशास्त्र्यांनीं आपल्या पद्धतीनें चालविला. सिसेरोचा स्नेही त्रेबातियस ह्याचें मत असें होतें कीं, जनावर जखमी झालें कीं तें तत्काळ आपलें झालें, आणि जोंवर आपण त्याचा पाठलाग करीत आहों तोंवर तें आपलेंच. पाठलाग सोडला कीं हक्क सुटला. बहुतेक रोमन पंडितांस हें मान्य झालें नाहीं. जखमी जनावर हातीं लागण्यापूर्वीं वाटेंत पुष्कळ विघ्नें येऊं शकतात, म्हणून प्रत्यक्ष हातीं येईपर्यंत तें कोणाचेंच नव्हे, असें त्यांचें म्हणणें, आणि इ. स. ५३३ मध्यें जस्टिनियन बादशहानें आपल्या संहितेंत हेंच मत कायम केलें. त्रेबातियसाचें मत हरलें खरें, तथापि त्यांतील एक अट आम्हांस फार मोलाची वाटते. हक्क टिकावयाचा तर पाठलाग चालूच राहिला पाहिजे. बाण मारून घरीं जाऊन निजणाऱ्यास तें मत कांहींच देत नाहीं.

इटलींत राज्य करणाऱ्या लोंबार्ड लोकांचा राजा रोथारी ह्यानें इ. स. ६४३ मध्यें आपल्या लोकांचे रिवाज लिहून काढले, त्यांत ह्या प्रश्नाचा व्यवहारी निकाल सांपडतो. जखमी जनावरावर मारणाऱ्याचा हक्क चोवीस तास. त्यानंतर तें ज्यास सांपडेल त्याचें. आणि दुसऱ्यानें घायाळ केलेलें जनावर ज्यास सांपडलें व ज्यानें तें लपवून न ठेवितां उघड केलें, त्यास उजवा खांदा आणि सात बरगड्या मिळाव्या. हा खांदा-बरगड्यांचा हिशेब वाचून प्रथम हंसूं येतें. पण विचार केला म्हणजे त्यांतील शहाणपण पटतें. सांपडलेली वस्तु परत करण्याचा उपदेश कायद्यानें केला नाहीं. प्रामाणिकपणा शिजवून खातां येईल अशी तजवीज केली. पुढें १८०५ सालीं न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयापुढें एका कोल्ह्याचा खटला आला. पोस्ट नांवाच्या गृहस्थाचे कुत्रे कोल्ह्यामागें लागले असतां पीअर्सन नांवाच्या दुसऱ्यानें मध्येंच येऊन तो मारला व नेला. बहुमतानें निकाल झाला कीं, नुसत्या पाठलागानें मालकी येत नाहीं. मात्र प्राणघातक जखम करून पाठलाग चालू ठेविला असता तर गोष्ट निराळी होती. अमेरिकेंतील विद्यार्थी अद्यापि कायद्याचा अभ्यास आरंभितांना हा खटला वाचतात.

आतांपर्यंत जे पक्ष आम्हीं सांगितले त्या सर्वांत एक गोष्ट गृहीत आहे. ती ही कीं, जनावर कोणाचें तरी मांस आहे. बौद्धांच्या परंपरेंत एक कथा आहे ती हें गृहीतच खोडून टाकते. सिद्धार्थ बालवयांत बागेंत बसला असतां त्याच्या पुढ्यांत बाण लागलेला एक हंस पडतो. तो बाण काढतो, जखम बांधतो; इतक्यांत देवदत्त निरोप पाठवितो कीं, हंस माझ्या बाणानें पडला, म्हणून माझा. तंटा वडीलधाऱ्यांच्या सभेंत जातो, आणि निर्णय मिळतो कीं, जीव हा जीव घेणाऱ्याचा नव्हे, जीव राखणाऱ्याचा. एड्विन आर्नोल्ड ह्यानें १८७९ सालीं बुद्धचरित्रावर इंग्रजींत जें काव्य लिहिलें त्यामुळें ही कथा सर्व जगास माहीत झाली. देवदत्ताचा दावा स्मृतीच्या रिवाजास धरूनच होता. त्याचें शल्य प्रथम लागलें होतें. तरी तो हरला. कारण हंस जिवंत होता, आणि जिवंत वस्तूविषयीं प्रश्न विचारतांना तिची स्वतःची बाजू कोणी तरी घ्यावी लागते, असें त्या सभेस वाटलें.

येथें कोणी म्हणेल कीं, हंस वांचण्यासारखा होता म्हणून हें शोभलें. जें हरिण वांचणारच नाहीं त्याचें काय? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याचें उत्तर देण्यापूर्वीं बाण मारतो कसा हें नीट समजून घेतलें पाहिजे. बंदुकीची गोळी आघातानें हाडें फोडते व मांस फाडते. बाणाचें रुंद पातें कापतें, आणि जनावर रक्त गेल्यानें मरतें. फुप्फुसांतून बाण गेला तर हरिण थोडें अंतर धांवून पडतें, आणि वाटेंत सांडलेलें रक्त तांबडें लाल व फेंसाळ असतें. पोटांत लागला तर रक्त काळसर, घाण वास येणारें, आणि मरण यावयास अनेक तास लागतात. म्हणून धनुष्यानें शिकार करणारे जाणते लोक एक नियम पाळतात, तो अडाण्यास क्रूरपणाचा वाटतो. बाण लागल्यावर ते लगेच मागें धांवत नाहींत. घाबरलेलें हरिण धांवत राहतें आणि हरवतें. त्यास एकांत मिळाला तर तें जवळच बसतें. फुप्फुसांतील जखमेस अर्धा तास, पोटांतील जखमेस कित्येक तास थांबावयाचें, आणि मग रक्ताचे थेंब, मोडलेलें गवत, उलटलेलें पान पाहत पाहत माग काढावयाचा. धनुर्विद्येचा अर्धा भाग बाण सुटण्यापूर्वींचा असेल. उरलेला अर्धा बाण सुटल्यानंतर सुरू होतो.

आफ्रिकेंतील कलाहारीच्या रानांत राहणाऱ्या सान लोकांत ही गोष्ट सर्वांत स्पष्ट दिसते. त्यांचें धनुष्य लहान, बाण हलका; खरें मारण्याचें काम बाणास लावलेलें विष करतें, आणि तें विष एका किड्याच्या अळीपासून काढतात. मोठें हरिण त्या विषानें पडावयास एखादा दिवस किंवा अधिकही लागतो. म्हणून शिकारी बाण लागल्याची खूण पाहून वस्तीस परत येतो आणि दुसऱ्या दिवशीं सोबती घेऊन मागावर जातो. त्या लोकांत मांसाचा धनी बाण मारणारा नव्हे, तर बाण ज्याच्या मालकीचा तो. बाण उसने देण्याघेण्याची चाल असल्यामुळें रानांत जाण्याची शक्ति नसलेली म्हातारी स्त्रीही एखाद्या हरिणाची धनीण होऊं शकते, आणि वांटप करण्याचें काम तिच्याकडे येतें. पहिल्या बाणाचा मान येथेंही आहे. पण तो मान घेणाऱ्यावर सर्व वस्तीस खाऊं घालण्याचा भार आहे. गर्विष्ठ शिकाऱ्यास त्यांत फारशी जागा उरत नाहीं.

अमेरिकेंत धनुष्यानें हरिण मारण्याची विद्या गोऱ्या लोकांत जवळजवळ लोपली होती. मॉरिस टॉम्प्सन ह्यानें १८७८ सालीं तीवर एक पुस्तक लिहून कांहीं जणांस नाद लाविला. तरी खरें पुनरुज्जीवन एका अत्यंत दुःखद योगानें झालें. १९११ सालच्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतील ओरोव्हिल गांवीं एक अर्धपोटीं मनुष्य सांपडला. तो याही जमातीचा शेवटचा जिवंत मनुष्य होता; बाकीचे त्याचे सर्व लोक गोऱ्या वसाहतवाल्यांच्या हत्याकांडांत व उपासमारींत नाहींसे झाले होते. त्यानें आपलें नांव कधींच सांगितलें नाहीं. त्याच्या भाषेंतील 'मनुष्य' ह्या अर्थाच्या शब्दानें लोक त्यास इशी म्हणूं लागले. सॅन फ्रान्सिस्को येथें विश्वविद्यालयाच्या संग्रहालयांत तो राहिला, आणि तेथील शस्त्रवैद्य सॅक्स्टन पोप ह्यास त्यानें धनुष्य करणें, बाण करणें आणि हरिणाजवळ जाणें शिकविलें. शिकारीच्या आदल्या दिवशीं इशी मासे खात नसे व तंबाखू ओढीत नसे, असें पोपनें लिहिलें आहे. कारण वास दूर जातो. १९१६ सालीं इशी क्षयानें वारला. पोपनें १९२३ सालीं धनुष्यबाणाच्या शिकारीवर जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यावरून पुढची सारी पिढी शिकली; आणि १९३४ सालीं विस्कॉन्सिन संस्थानानें केवळ धनुष्यानें हरिण मारण्याचा स्वतंत्र हंगाम सुरू केला. एका नामशेष झालेल्या जमातीची पोटाची विद्या संपन्न लोकांचा छंद झाली. ह्यांत पोपचा दोष नाहीं. त्यानें आपल्या गुरूचें नांव कृतज्ञतेनें राखिलें. परंतु भुकेनें शिकविलेली सावधगिरी छंदांत टिकेल कीं नाहीं, ही काळजी तेव्हांपासूनच आहे. अलीकडे तिकडील शिकारी हरिण मारण्यास धान्य कापण्याचाच शब्द लावतात. शब्द सौम्य आहे, म्हणूनच आम्हांस तो थोडा संशयास्पद वाटतो. ज्वारीचें कणीस अर्धवट कापलें जाऊन रात्रभर रानांत कण्हत पडत नाहीं.

आतां आम्ही ज्या कथेसाठीं हा लेख हातीं घेतला तिच्याकडे वळूं. महाभारताच्या आदिपर्वांत, आस्तिकाच्या आख्यानांत, राजा परीक्षित मृगयेस जातो. त्याचा बाण एका मृगास लागतो, आणि तो मृग निसटतो. ग्रंथकार मुद्दाम सांगतात कीं, ह्या राजानें विंधिलेला मृग पूर्वीं कधीं जिवंत सुटला नव्हता. आणि यज्ञरूपी मृगास विंधून आकाशांत त्याच्या मागें धांवणाऱ्या रुद्राची उपमा ते राजास देतात. म्हणजे आमच्या अंगणांतून दिसणारा तो मृग येथें प्रत्यक्ष आला आहे. राजा साठ वर्षांचा. भूक लागली आहे, तहान लागली आहे, तरी माग सोडीत नाहीं. हिंडतां हिंडतां तो गाईंच्या चरणांत येतो. तेथें वांसरांच्या तोंडून गळणारा दुधाचा फेंस पिऊन राहणारे शमीक ऋषि बसले आहेत. राजा विचारतो कीं, मी अभिमन्यूचा पुत्र परीक्षित. माझ्या बाणानें विंधलेला मृग नाहींसा झाला. आपण पाहिला काय? ऋषींस मौनव्रत आहे. ते बोलत नाहींत. राजा रागावतो, धनुष्याच्या टोंकानें एक मेलेला साप उचलून त्यांच्या गळ्यांत घालतो, आणि निघून जातो.

पुढील कथा सर्वांस ठाऊक आहे. ऋषिपुत्र शृंगी शाप देतो. सातव्या दिवशीं तक्षक राजास दंश करतो. जनमेजय सूड म्हणून सर्पसत्र मांडतो. आणि त्या सत्राच्या वेळीं वैशंपायन त्यास भारत सांगतो. तेव्हां विचार केला म्हणजे असें दिसतें कीं, ज्या ग्रंथांत मनूच्या त्या रिवाजासारखे शेंकडों धर्म सांगितले आहेत, तो सारा ग्रंथ जगापुढें येण्याचें निमित्त बाण लागून निसटलेलें एक हरिण आहे.

परीक्षितानें चूक कोठें केली? बाण मारला ही त्या काळच्या राजधर्माप्रमाणें चूक नव्हती. पाठलाग केला, ही तर चूक नव्हेच. जखमी जनावर तसेंच टाकून जाणाऱ्यापेक्षां तहानलेला, थकलेला, तरी माग न सोडणारा म्हातारा राजा आम्हांस अधिक आदरणीय वाटतो. त्याचा प्रश्नही योग्य होता. चूक झाली ती उत्तर न मिळाल्यावर. त्या क्षणीं हरिणाची वेदना त्याच्या मनांतून गेली आणि हरिण 'माझें' एवढेंच उरलें. जें शोधण्यास तो कर्तव्यानें निघाला होता तें मिळेना, तेव्हां तें त्याच्या मानाचें झालें. आणि मानास जो आड येईल त्यास शिक्षा हवी, मग तो वांसरांत बसलेला निरपराध वृद्ध कां असेना. हक्क आणि कर्तव्य हे दोन्ही एकाच बाणानें उत्पन्न होतात, म्हणून आपण आतां कशाच्या मागें धांवत आहों हें धांवणाऱ्यास पुष्कळदां कळत नाहीं. राजास तें नंतर कळलें. शमीकांनीं शिष्य पाठवून त्यास सावध केलें, तेव्हां आपल्या मरणापेक्षां आपण त्या मुनीचा अपराध केला याचेंच त्यास अधिक दुःख झालें, असें व्यास सांगतात. हरिणाचें पुढें काय झालें तें मात्र ते सांगत नाहींत.

ह्याच आदिपर्वांत परीक्षिताचा पणजा पांडु आहे. त्यानें मृगरूपानें क्रीडा करीत असलेल्या किंदम ऋषीस पांच बाण मारले; आणि मरतां मरतां तो मृग जें बोलला तें विचार करण्यासारखें आहे. मृगांस मारण्याबद्दल मी तुला दोष देत नाहीं, असें तो म्हणतो. वेळ पाहावयास हवी होती. मृगयेच्या नीतीचें हें बीज आहे. तिचा फुललेला वृक्ष कालिदासाच्या रघुवंशांत दिसतो. दशरथ एका मृगावर नेम धरतो, तोंच त्याची सहचरी मध्यें येऊन उभी राहते. राजा कानापर्यंत ओढलेली दोरी सैल सोडतो. न सुटलेल्या बाणामागें रक्ताचा माग काढीत कोणास जावें लागत नाहीं.

आणि एक राजा असा झाला कीं, त्यानें दोरीच कायमची उतरविली. अशोकाच्या आठव्या शिलाशासनांत म्हटलें आहे कीं, पूर्वींचे राजे विहारयात्रांस जात, त्यांत मृगया व तशाच दुसऱ्या करमणुकी असत. आपण अभिषेकानंतर दहा वर्षांनीं संबोधीस गेलों, आणि तेव्हांपासून धर्मयात्रा सुरू झाल्या. ह्या शासनाचा एक तुकडा १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांस वसईजवळच्या सोपाऱ्यास सांपडला. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांत तो आहे. राजांनीं शिकार सोडल्याचें जें शासन, त्याचाच तुकडा आमच्या कोंकणच्या किनाऱ्यावर निघावा, ह्या योगायोगाचा आम्हांस संतोष वाटतो. तथापि पहिल्या शासनांत अशोक मोकळेपणानें कबूलही करतो कीं, पाकशाळेंत अद्यापि दोन मोर व एक मृग मारले जातात, आणि तो मृगही नेहमीं नव्हे. एवढ्या मोठ्या सम्राटासही तें एक हरिण एकदम सोडतां आलें नाहीं, हें वाचून मनुष्यस्वभावाविषयीं आम्ही थोडे क्षमाशील होतों.

आजच्या कायद्याकडे पाहिलें तर देशोदेशींचीं उत्तरें निराळीं आहेत. जर्मनींत हरिणासारख्या जनावरांवर बाण सोडण्यास बंदी आहे, आणि जबर जखमी झालेलें जनावर वेदनांतून सोडविणें हें शिकाऱ्याचें कायदेशीर कर्तव्य आहे; ब्रिटनमध्यें १९८१ च्या कायद्यानें धनुष्याचा उपयोग वर्ज्य केला; अमेरिकेंत ती शिकार चालू आहे. आपल्या देशांत १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व १९९१ ची त्याची दुरुस्ती यांनीं शिकारीचा प्रश्नच मिटविला. बरें होण्यापलीकडे गेलेलें जनावर मारण्याची परवानगी वनखात्याचा वरिष्ठ अधिकारी देऊं शकतो. आणि रानांत मेलेलें सांपडलेलें किंवा चुकून मारलें गेलेलें जनावर सरकारचें समजलें जातें, त्याची वर्दी अठ्ठेचाळीस तासांच्या आंत द्यावी लागते. मनूनें पहिल्या बाणास, रोमनांनीं हातीं धरणाऱ्यास, आणि लोंबार्डांनीं चोवीस तासांच्या आंत अमक्यास व नंतर तमक्यास दिलेलें हरिण आमच्या कायद्यानें अशा रीतीनें सर्वांच्या हातून काढून घेतलें.

ह्याजवर एक प्रामाणिक आक्षेप आहे. रस्त्यावर मोटारीच्या धक्क्यानें पडलेलें चितळ, ज्याचा जीव जाणार हें दिसतच आहे, त्याचें मांस वायां जाऊं देण्यांत दया ती कोणती? मेलेल्या हरिणास आतां कांहीं दुखत नाहीं, आणि उपाशी माणसें आहेतच. जुन्या शास्त्रकारांसही हा विचार सुचला होता. कुत्र्यांनीं वा हिंस्र पशूंनीं मारलेल्या जनावराचें मांस शुद्ध, असें मनु म्हणतो. उलट कौटिल्य आपोआप मेलेल्या जनावराचें मांस विकण्यास मनाई करतो. आम्हांस दोघांचाही अर्थ समजतो. अन्न फुकट घालवूं नये हें खरें. पण घायाळ जनावर सांपडल्यानें लाभ होऊं लागला, कीं घायाळ जनावरें अधिक सांपडूं लागतात, हेंही खरें. जेथें शिकार खुली आहे तेथें रोथारीची उजवा खांदा देण्याची युक्ति चालेल. जेथें ती बंद आहे तेथें मांस सोडून देणें हीच त्या बंदीची किंमत आहे, आणि ती आपण जाणूनबुजून द्यावी, असें आमचें मत आहे.

परंतु मांसाचा प्रश्न सुटला म्हणून हरिणाचा सुटत नाहीं. आमच्यापैकीं फार थोड्यांनीं धनुष्य हातीं धरिलें असेल. तरी आमच्या मोटारींनीं, आमच्या शेताभोंवतींच्या तारांनीं, आमच्या सोडलेल्या कुत्र्यांनीं जखमी झालेलीं हरिणें आहेतच, आणि त्यांच्यावर कोणी मालकी सांगत नाहीं, म्हणून त्यांचा मागही कोणी काढीत नाहीं. जुना शिकारी हरिण आपलें म्हणे, आणि म्हणून तरी त्याच्या मागें रात्रभर फिरे. आम्ही त्याचा हक्क काढून घेतला तें योग्यच केलें. पण त्या हक्काला बांधलेलें त्याचें रात्रभर फिरणें कोणाकडे सोंपविलें, हें आम्हीं अजून ठरविलेलें नाहीं. निदान गाडी थांबवून खालीं उतरावें, वनखात्यास कळवावें, आणि मदत येईपर्यंत अंतरावर उभें राहावें, एवढें तरी ज्याच्या हातून इजा झाली त्याच्याकडे येतें. पहिलें शल्य ज्याचें, त्याचाच तो मृग.

मृग नक्षत्रांत सूर्य शिरला म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याअखेर आमच्याकडे पाऊस येतो, आणि शेतकरी पेरणीला लागतो. त्या दिवसांत तें नक्षत्र सूर्याच्या तेजांत लपलेलें असतें, आकाशांत शोधूनही दिसत नाहीं. पुन्हां मार्गशीर्ष आला कीं तें पूर्वेस उगवतें. पोटांत बाण, आणि मागें व्याध. लहानपणीं आम्हांस वाटे कीं, व्याध हरिण मिळविण्यासाठीं धांवतो आहे. आतां असें वाटतें कीं, बाण त्याचा आहे, म्हणून त्यास थांबतां येत नाहीं.